वन्संचं मत कुणाच्या रांगेत

४ डिसेंबर

वन्सं,

नमस्कार मागाहून करते. आधी हे स्पष्ट असू दे की हे पत्र मी तुमच्या बंधुराजांच्या सांगण्यावरून लिहितेय, माझ्या मनाने नाही. हे म्हणाले, "फोनवर तुझा आवाज चढतो, मग ताई फोन ठेवते, मग तू दिवसभर इस्त्री आपटतेस आणि गिऱ्हाइकांच्या कॉलरी पिवळ्या पडतात. त्यापेक्षा लिही." म्हणून लिहितेय. दुकानाच्या भल्यासाठी.

तुमचा करडा कोट इथेच राहिलाय. धुऊन, वाफ देऊन, सैल झालेलं बटण पक्कं करून टांगून ठेवलाय. रविवारी तुम्ही यांना फोनवर सांगत होतात की तिकडे थंडी वाढलीय. मी नळ सोडून भांडी घासत होते, त्यामुळे तुमचं बोलणं ऐकायचा प्रश्नच नव्हता, पण हे फोन स्पीकरवर ठेवतात त्याला मी काय करू? कोट पाठवायचा की नाही ते कळवा. नाही कळवलंत तरी माझं काही अडत नाही.

वरची तुमची खोली मी आता दुकानाला घेतलीय. हिवाळ्यात लोकांचे कोट येतात, रजया येतात, खाली जागा पुरत नाही. तुमची खिडकीतली खुर्ची तेवढी हलवली नाही. जड आहे म्हणून.

आपल्या सिनेमा मंडळाचं ठीक चाललंय. दर शुक्रवारी पहिला शो, तीच माणसं, आणि मॅनेजरची तीच कुरकूर की मध्यंतरात आम्ही जिन्यावर बसतो आणि वाट अडवतो. वर्षाच्या बक्षिसांचं मतदान जानेवारीतल्या शेवटच्या सोमवारी ठरलंय. अध्यक्ष टायरवालेच, त्यांना त्या खुर्चीवरून कोण उठवणार! शेवटच्या फेरीत तीन सिनेमे आलेत: वकिलिणीचा, भुताचा आणि लिफ्टचा. नावं लिहीत नाही, मंडळात कोण सिनेमाला नावाने हाक मारतं? लिफ्टचा तुमच्याकडे लागलाच नसेल. इथेही जेमतेम आठवडाभर टिकला.

थिएटरातली तुमची जागा, माझ्या उजव्या हाताची, तशीच आहे. मी तिथे पर्स ठेवते. मॅनेजर म्हणाला, "वहिनी, मग पर्सचंही तिकीट काढा." मी काढते.

आणखी एक विचारायचं होतं. म्हणजे असंच, सहज. तुमचं पार्लरवालीला पत्र आलं म्हणे. मी काही चौकशीला गेले नव्हते. ती पार्लरचे टॉवेल घ्यायला दुकानात आली आणि आपणहून सांगत सुटली. चार पानी पत्र, तेही पाठपोट. चांगलं आहे, माणसाने लिहीत राहावं. मला तुम्ही गेल्यापासून एक ओळ नाही. पण आम्ही काय, घरचीच माणसं. आम्हाला कोण कशाला लिहील?

लेकीला आणि नातवाला माझी आठवण सांगा.

आता नमस्कार.

वहिनी


२१ डिसेंबर

वन्सं,

"कोट पाठवू नको, थंडी कमी झाली," हा निरोप यांच्याकडून मिळाला. बरं. कोट काही खायला मागत नाही, राहील इथे.

शुक्रवारी मध्यंतरात काय झालं ते सांगते. जिन्यावर सगळे बसलेले. पार्लरवाली उठली, पर्समधून तुमचं पत्र काढलं आणि लागली मोठ्याने वाचायला. तुमच्या तिकडच्या थिएटरातला तो डोअरकीपर, जो सिनेमा सुरू झाला की दारातच घोरतो आणि ऐन खुनाच्या वेळी दचकून "कोण आहे?" म्हणून ओरडतो. अख्खा जिना हसत होता. टायरवाल्यांना तर ठसका लागला. मीही हसले. हसावंच लागतं, चार माणसांत तोंड लटकवून कुठे बसणार? पण वन्सं, हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. ती गोष्ट माझी होती. म्हणजे मला सांगायची होती. तुम्ही वरून खाली येताना अर्ध्या जिन्यातच सुरू झाला असतात, आणि मी इस्त्री उभी करून ऐकली असती.

आणि ती तुम्हाला 'माई' म्हणते. माई! इतकी वर्षं एका घरात काढली, पण तुम्हाला कोणी माई म्हटलेलं चालतं हे मला कुठे माहीत होतं? मी आपली वन्सं वन्सं करत बसले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळून टाकलं असतं. सिनेमा सुटल्यावर मी निघाले तर ती माझ्याबरोबर चालायला लागली. गप्प. ती, जी झोपेतसुद्धा बोलत असेल! मला वाटलं बरं नाही की काय. पेट्रोलपंपाच्या वळणाशी पोचलो तशी म्हणाली, "वहिनी, आता बोलू या. माई म्हणतात, सिनेमा बघून बाहेर पडल्यावर वळणापर्यंत काही बोलायचं नाही, सिनेमा सांडतो. वळणावर आलं की दोघींनी एकेकच वाक्य बोलायचं."

तिला सांगितलंत तुम्ही. ते वळणाचं सांगितलंत!

वन्सं, लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "हिची दाढ दुखतेय, दाताच्या डॉक्टरकडे नेऊन आणते," आणि मला थेट मॅटिनीला नेलंत. परत येताना मी घाबरून बडबड करत होते, तर तुम्ही ओठांवर बोट ठेवून म्हणालात, "वहिनी, वळणापर्यंत गप्प." वयाने मोठ्या असून तुम्ही मला वहिनी म्हणालात, आणि मग सगळं मंडळ म्हणायला लागलं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, दाढ काढली का? तुम्ही म्हणालात, "अर्धी काढली, अर्धी पुढच्या शुक्रवारी." ते वळण आपल्या दोघींचं आहे, असं मी धरून चालले होते. त्याची काही कागदपत्रं नाहीत, कबूल.

मी तिला म्हटलं, माझं डोकं दुखतंय, आणि एकही वाक्य न बोलता घरी आले.

मी जळते तिच्यावर. लिहूनच टाकते, उगाच इस्त्रीवर का राग काढू? तुम्ही तिकडे गेलात त्याचं मी मनाला समजावते की लेकीला गरज होती. पण तुम्ही इकडेच आहात, फक्त माझ्या नाही, तिच्या आहात, हे मला सहन होत नाही.

वहिनी


९ जानेवारी

वन्सं,

मागच्या पत्रातलं मनावर घेऊ नका. त्या दिवशी बॉयलर बिघडला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. आता सगळं ठीक आहे. वाफ चांगली येतेय.

कैवारी ठरले, कुठल्या सिनेमाच्या बाजूने कोण बोलणार ते. वकिलिणीच्या सिनेमाची कैवारी पार्लरवाली. भुताच्या सिनेमाचे कैवारी तुमचे बंधुराज, कारण भांडण नको म्हणून हे दरवर्षी ज्याचं कुणालाच काही पडलेलं नाही त्याची बाजू घेतात. आणि लिफ्टच्या सिनेमाची मी.

तुम्ही बघितलेला नाही म्हणून दोन शब्दांत सांगते. एक जुनी इमारत. लिफ्ट बंद पडलेली, कोणी दुरुस्त करत नाही. वर पाचव्या मजल्यावर एक बाई, तिचे गुडघे गेलेले. तळमजल्यावर दुसरी. खालची रोज संध्याकाळी लिफ्टचं दार उघडते आणि त्या रिकाम्या पोकळीत तोंड वर करून ओरडते, "आहेस का?" वरून उत्तर येतं, "जाणार कुठे?" मग दोघींच्या गप्पा. एकमेकींचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज. आणि एके दिवशी वरून उत्तर येत नाही. पुढचं सांगत नाही. मी तो सिनेमा छायाचित्रणासाठी निवडलाय. अंधार फार छान टिपलाय.

नवे मेंबर आलेत म्हणून टायरवाल्यांनी सगळे नियम परत वाचले. तुम्हीच लिहिलेले, पण त्यांच्या तोंडून ऐकताना वाटतं जसं काही त्यांनी दगडावर कोरलेत. "मतपेटी नाही, चिठ्ठी नाही. प्रत्येक सिनेमाची एक रांग. पहिली घंटा झाली की उठायचं, आणि ज्याला मत त्याच्या रांगेत जाऊन बसायचं. दुसऱ्या घंटेनंतर कोणी बूड हलवायचं नाही. जो गावात नाही त्याने आपली एक वस्तू पाठवायची. वस्तू आणणाऱ्याने ती आधी मालक सांगेल त्या रांगेत ठेवायची, मग स्वतःच्या रांगेत जायचं. वस्तू कुठे जाणार हे आधी फोडायचं नाही." कोण कुठे बसलं ते सगळ्या जगाला दिसतं. नवा दातांचा डॉक्टर म्हणाला, "अहो, यात गुप्तता कुठे आहे?" टायरवाले म्हणाले, "गुप्तता पाहिजे तर सरकारी निवडणुकीला जा. इथे ज्याला जे आवडलं ते छातीठोक आवडलं पाहिजे."

दिसतं, म्हणूनच गेल्या वर्षी मला दिसलं. मी टेलिफोनवाल्या बाईच्या सिनेमाची कैवारी. घसा बसेपर्यंत बोलले. घंटा झाली, मी माझ्या रांगेत बसले, उजवीकडची खुर्ची तुमच्यासाठी हाताने दाबून धरली, मिटू नये म्हणून. आणि तुम्ही माझ्या समोरून चालत पुढच्या रांगेत गेलात. बसलात कुणाच्या शेजारी? तिच्या. माझा हात खुर्चीवर तसाच. माझा सिनेमा हरला त्याचं काही नाही, सिनेमे हरतात.

त्याचा मी बाऊ केला असं तुम्ही यांना म्हणालात. कसला बाऊ? पुढचे पंधरा दिवस मी तुम्हाला एक वाकडा शब्द बोलले असेन तर सांगा. सरळही बोलले नाही, ही गोष्ट वेगळी. मग एका सकाळी तुम्ही बॅग भरून खाली आलात, म्हणालात, लेकीकडे जाते. मी म्हटलं, जा. माणूस 'जा' म्हणालं की लगेच जायचं असतं का?

असो. आता खरं काय ते लिहिते, ज्यासाठी पत्र काढलं. काल पार्लरवाली दुकानात आली आणि काउंटरवर तुमचं चष्म्याचं घर ठेवलं. तपकिरी, आत लाल मखमल, बिजागरीशी थोडं उचकटलेलं. मला ओळखायला वेळ लागला नाही, मीच आणलं होतं ते तुमच्या वाढदिवसाला. "माईंची वस्तू आली," म्हणाली. "माईंचं मत यंदा मी ठेवणार."

तुमच्या भावाचं घर आहे इथे. भावजय आहे, धडधाकट, दोन्ही हात शाबूत, एक चष्म्याचं घर उचलून खुर्चीवर ठेवण्याएवढी ताकद आहे तिच्या अंगात. आणि तुम्ही ते पाठवलंत तिच्याकडे.

मी विचारलं, कुठल्या रांगेत ठेवायला सांगितलंय? ती म्हणाली, "वहिनी, नियम आहे." मी म्हटलं, महिनाभर तुझे टॉवेल फुकट करून देते. हसली. म्हणाली, "वहिनी, टॉवेल नाही, पडदे केलेत तरी नाही सांगणार." हे मागे उभे राहून ऐकत होते, म्हणाले, "अगं, लाच देतेस?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला सवलत देतेय.

सांगायची गरजही नाही म्हणा. कोर्टाचा सीन आला की तुम्ही खुर्चीच्या टोकावर येता, हे मला माहीत नाही होय? तुमचं मत वकिलिणीला, आणि वकिलिणीची कैवारी ती. म्हणजे यंदाही तुम्ही तिच्याच शेजारी.

वहिनी


२३ जानेवारी

वन्सं,

काल रविवार. तुमचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम गच्चीत चादरी वाळत घालायला गेले. परत आले तर हे म्हणाले, "ताई विचारत होती, वहिनी कुठाय." मी म्हटलं, सांगायचं ना, गच्चीत आहे. "सांगितलं," म्हणाले, "तर म्हणाली, असू दे, कामात असेल." असू दे! तुम्ही जरा धरून ठेवला असतात फोन तर मी आले असते खाली. चादरी काय, केव्हाही वाळतात.

तुम्ही तिकडून काही लिहीत नाही, आणि मी इकडून लिहितच सुटलेय. हे विचारतात, "काय लिहितेस एवढं?" मी सांगते, सिनेमांबद्दल.

सोमवारी मतदान. माझं भाषण पाठ झालंय. इस्त्री करता करता म्हणते, गिऱ्हाइकं दारात थबकतात. मंडळात वारं फिरलंय असं टायरवाले म्हणतात. वकिलिणीच्या बाजूला बरेच आहेत, पण लिफ्टवाल्यांचीही संख्या वाढलीय, अटीतटीचं होणार. मी प्रत्येकाला दुकानात गाठून गोष्ट सांगितलीय. शेवट सोडून. दातांच्या डॉक्टरचा कोट तर मी त्याला पूर्ण पटेपर्यंत परतच दिला नाही.

मला जिंकायचंय, वन्सं. एकदा तरी तुम्हाला कळू दे की मी ज्या रांगेत होते ती बरोबर होती आणि तुम्ही चुकीच्या रांगेत गेलात.

वहिनी


३० जानेवारी

वन्सं,

सांगायला तोंड नाही, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी, म्हणजे तिच्याकडून कळण्याआधी, माझ्याकडून ऐका. एव्हाना तिने फोन केलाही असेल. तरी माझं वेगळं ऐका.

सकाळचं थिएटर. सगळे दिवे लावलेले, फरशीला फिनेलचा वास, पडदा दिवसाउजेडी कसा मळकट दिसतो तुम्हाला माहीतच आहे, दरवर्षी माझे हात शिवशिवतात की काढावा आणि धुवावा. पुढून पाचवी रांग वकिलिणीची, मधली लिफ्टची, अगदी मागची भुताची.

पार्लरवाली आधी बोलली. बरं बोलली. खोटं कशाला सांगू, चांगलंच बोलली. मग मी उभी राहिले. आणि समोर काय? तिच्या मांडीवर तुमचं चष्म्याचं घर. ती बोटाने ते उघडत होती, मिटत होती, टक् टक्. माझं पाठ केलेलं सगळं भाषण तिथेच गळालं. मी एवढंच म्हणाले, "हा सिनेमा दोन बायकांचा आहे. एक वर आहे, एक खाली आहे. मला फार आवडला." आणि बसले. हे मागून टाळ्या वाजवत राहिले, एकटेच.

पहिली घंटा झाली. सगळे उठले. आणि मला खरंच सांगते, त्या घटकेला मला सिनेमा दिसत नव्हता, मंडळ दिसत नव्हतं. एकच दिसत होतं: यंदाही तुम्ही तिच्या शेजारी बसणार. तुम्ही नाही तर तुमचं चष्म्याचं घर. ते तिथे त्या खुर्चीत बसणार, आणि मी मागच्या रांगेतून पुन्हा बघत राहणार. माझ्या मनाने घेतलं की, ते काही नाही, यंदा ते बसलं तर माझ्या शेजारी बसेल. सिनेमा गेला खड्ड्यात!

मी धावले. या वयात, दोन रांगांमधून, दातांच्या डॉक्टरच्या पायावर पाय देऊन, वकिलिणीच्या रांगेत शिरले. कडेची जागा धरली, उजवीकडच्या खुर्चीवर पर्स ठेवून तीही धरली. आता ये म्हटलं. आता बघते कुठे ठेवतेस.

ती आली. हातात घर, खांद्यावर ती जड बॅग. माझ्याकडे बघून थबकली, तोंड उघडलं, पण वेळ नव्हता, टायरवाल्यांनी घंटेचा दोर धरला होता. ती माझ्या समोरून पुढे गेली. मागे वळली. मधल्या रांगेत शिरली. लिफ्टच्या रांगेत, वन्सं! कडेची खुर्ची सोडली, आणि त्या खुर्चीच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर आधी स्वतःची बॅग ठेवली, खुर्ची मिटू नये म्हणून, आणि बॅगेवर तुमचं चष्म्याचं घर. मग धावत परत येऊन माझ्या पलीकडे धपकन बसली. दुसरी घंटा.

"वहिनी," ती कुजबुजली, "तुम्ही इथे कशा?"

मी पर्स उचलून मांडीवर घेतली.

टायरवाल्यांनी मोजलं. भुताचे तीन. लिफ्टचे पंधरा, चष्म्याचं घर धरून. वकिलिणीचे सोळा, मला धरून. त्यांनी पुन्हा मोजलं. मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन म्हणाले, "एक मिनिट. लिफ्टच्या कैवारी कुठायत?" सगळ्या माना वळल्या. माझ्या रांगेतली माणसं, ज्यांना मी दुकानात गाठून गाठून वळवलं होतं, ती मधल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती, आणि मी पुढे, दुसऱ्याच्या रांगेत. मग तुमचे बंधुराज मागून म्हणाले, "अगं, स्वतःच्याच पायावर धोंडा?" आणि जे काय हसू फुटलं! मॅनेजर प्रोजेक्टरच्या खिडकीतून डोकावला.

मी हसले नाही. मला उठून त्या मधल्या रांगेत जायचं होतं. कडेची रिकामी खुर्ची माझ्यासाठी ठेवलेली, तिच्या शेजारी ते एवढंसं घर. पण बूड हलवायचं नाही. मी मान मागे वळवून बघत राहिले, मानेला कळ लागेपर्यंत. गेल्या वर्षी तुमच्यासाठी मी खुर्ची धरली होती आणि तुम्ही आला नाहीत. यंदा तुम्ही आलात आणि मीच नव्हते.

टायरवाल्यांनी आपलं बक्षीस, ती सोनेरी रंगवलेली रिळाची फिरकी, वकिलिणीच्या सिनेमाला जाहीर केलं. मग मी तिचा हात धरला, पार्लरवालीचा. चांगला दाबून धरला, सुटू नये म्हणून. म्हटलं, "वन्सं काय म्हणाल्या होत्या? आता नियम संपला, सांग."

ती म्हणाली, "माई फोनवर म्हणाल्या, वहिनी ज्या सिनेमाची कैवारी असेल त्याच्या रांगेत ठेव. सिनेमा कुठला ते मला सांगूही नकोस."

मी विचारलं, "मग माझ्याकडे का नाही पाठवलं?"

"मीही तेच विचारलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, तिच्याकडे पाठवलं तर ती मुद्दाम दुसऱ्याच रांगेत नेऊन ठेवील. मला काही फरक पडत नाही हे दाखवायला."

वन्सं, तुम्ही मला इतकं ओळखता, हाच तुमचा मोठा दोष आहे. मी तिथेच रडायला लागले. भरल्या थिएटरात, दिवे चालू असताना, कुठला सिनेमाही चालू नव्हता की त्याच्या नावावर खपवता यावं. पार्लरवालीने टिश्यू दिला. चांगली आहे हो मुलगी. तिची आई गेल्या जानेवारीत, मतदानाच्या आधीच गेली, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? तिने सांगितलं, तेव्हा गेल्या मतदानाला तुम्ही तिच्या शेजारी का बसलात ते मला कळलं. नुसतं सांगितलं असतंत तर मी समजून घेतलं असतं. बहुतेक. नसतंही घेतलं.

पण माझं जळणं संपलं असं समजू नका. ती बाई चांगली निघाली म्हणून ते कमी होत नाही, उलट अवघड झालंय, आता तिला मनातल्या मनात धड नावंही ठेवता येत नाहीत. आणि वरच्या खोलीत मी एकही कोट टांगलेला नाही, हेही ऐकून ठेवा.

आता मुद्द्याचं. लिफ्टचा सिनेमा माझ्या एका मताने हरला, आणि तुम्ही तो न बघता त्याला मत दिलंत. हे काही बरोबर नाही. तो आता मोबाईलवर आलाय म्हणे, दातांचा डॉक्टर सांगत होता. मी गुरुवारच्या बसने तुमच्याकडे येतेय. यांनी दुकान सांभाळायचं कबूल केलंय, जरा जास्तच आनंदाने. तुम्ही 'नको' म्हणायच्या आत तिकीट काढून टाकलंय.

मी पोचेपर्यंत तो सिनेमा बघायचा नाही. नातू म्हणाला, आजी, लावून देतो, तर झोपल्याचं सोंग घ्या. पार्लरवाली फोनवर गोष्ट सांगायला लागली तर फोन ठेवा, माझा ठेवता तसा. आणि लेकीबरोबरसुद्धा बघायचा नाही, सांगून ठेवते.

वहिनी